मामाची इलेक्ट्रा: पोटात इफेक्ट असलेली गिटार पुन्हा वाजती करताना ठेवलेल्या नोंदी

2 जून 2024, रविवार

आज वाशीहून गिटार ठाण्याला आणली. ट्रान्स-हार्बरच्या डब्यात अर्धा तास केस उभी धरून बसले होते. घरी आल्यावर सामान मोजायच्या काट्याला लावली, तर नुसती गिटार 4.6 किलो भरली.

ही इलेक्ट्रा एमपीसी. मामा मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. 1979 मध्ये बोट न्यू ऑर्लिन्सला लागली असताना त्याने ती तिथे घेतली. एमपीसी म्हणजे मॉड्युलर पॉवर्ड सर्किट्स. गिटारच्या पाठीवर एक झाकण आहे, त्याच्या आत दोन खाचा आणि नऊ व्होल्टची बॅटरी. खाचांमध्ये काडेपेटीपेक्षा थोडी मोठी मॉड्यूल बसतात आणि प्रत्येक मॉड्यूल म्हणजे एक इफेक्ट, गिटारचा आवाज बदलणारं छोटं सर्किट. पुढच्या बाजूला दोन छोटे स्विच असतात, ज्या खाचेचा स्विच वर केला तो इफेक्ट चालू. कंपनीने अशी सुमारे डझनभर मॉड्यूल काढली होती: फ्लँजर, ऑटो वाह, ऑक्टेव्ह बॉक्स, टँक टोन वगैरे. मामाकडे दोनच आहेत, फेज शिफ्टर (म्हणजे फेजर, आवाज फिरवणारा) आणि डायनॅमिक फझ (आवाज दाणेदार करणारा).

ब्रँड अमेरिकेतल्या सेंट लुईस म्युझिकचा, बांधणी जपानमधल्या मात्सुमोतोच्या मात्सुमोकु कारखान्याची. हा कारखाना आधी शिलाई मशीनची लाकडी कपाटं बनवायचा. लाकूडकाम इतकं नेटकं का, ते यावरून कळतं. मानेचा सांधा आजही नखभरसुद्धा हललेला नाही. पण 1984 च्या सुमारास इलेक्ट्रा हे नाव वेस्टोन या ब्रँडमध्ये विरून गेलं आणि 1987 मध्ये कारखानाही बंद झाला. त्यामुळे सुटे भाग मागवायचा प्रश्नच नाही. आहे तेच दुरुस्त करायचं.

आजची अवस्था अशी: तारा गंजलेल्या, ॲम्पला जोडल्यावर मोठी घरघर, आवाजाचा पॉट (कमी-जास्त करायचा नॉब) खरखरतो, पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबकी भाग) निवडायच्या पाच घरांच्या फिरत्या स्विचचं तिसरं घर मुकं, दोन्ही इफेक्ट बंद. झाकण उघडलं तर बॅटरी फुटून तिचा पांढरा-हिरवा खार सगळ्या कप्प्यात पसरलेला. केसला डांबरगोळ्यांचा वास येतो. मामीने दरवर्षी न चुकता टाकल्या होत्या.

3 जून

ऑफिसातून आल्यावर बॅटरीचा खार काढायला बसले आणि पहिली चूक केली. बॅटरी गळली की व्हिनेगर लावायचं, एवढंच डोक्यात होतं. कापसाच्या काडीने व्हिनेगर लावलं तर काहीच झालं नाही, खार नुसता ओला झाला. मग बॅटरीवरचा कागद नीट वाचला. ती साधी झिंक-कार्बनची होती. अल्कलाइन बॅटरी गळते तेव्हा क्षार बाहेर येतो, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू चालतं. झिंक-कार्बनच्या आतला माल आम्लधर्मी असतो, त्याला खाण्याचा सोडा लागतो. म्हणजे मी आम्लावर आम्ल चोपडत होते.

सोड्याची पातळ पेस्ट लावल्यावर फसफसलं आणि खार सुटला. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग टेबलफॅनसमोर रात्रभर. बॅटरीच्या कॅपची एक वायर आतून पूर्ण हिरवी झाली होती, कॅपच बदलावी लागेल. तुमच्याकडे अशी गिटार आली तर आधी बॅटरी कुठली आहे ते वाचा, मगच स्वयंपाकघरात जा.

8 जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड. घेतलं ते असं: कॉन्टॅक्ट क्लीनर 350 रुपये, 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर विक (जुनं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी) मिळून 620, बॅटरीच्या दोन कॅप 20, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या, धन-ऋण टोकं असलेल्या छोट्या डब्यांची) मिसळ 70. दुकानदाराने कॅपॅसिटर मोजून दिले नाहीत, मूठभर दिले.

आयर्न मुद्दाम 25 वॅटची घेतली. घरात बाबांची 60 वॅटची होती. ती वापरली असती तर काय झालं असतं, ते पुढे 16 तारखेच्या नोंदीत आहे, कारण मी ती वापरलीच.

9 जून, रविवार

चांगला दिवस. क्लीनर मारून पॉट शंभरेक वेळा गोल फिरवला, खरखर गेली. फिरत्या स्विचमध्ये क्लीनर सोडून सगळी घरं पुढे-मागे केली, तेव्हा तिसरं घर बोलायला लागलं. मॉड्यूलच्या सॉकेटमधले कॉन्टॅक्ट काळे पडले होते. तिथे क्लीनर फवारून उपयोग होत नाही, घासावं लागतं. टूथपिकच्या टोकाला सुती कापडाचा तुकडा गुंडाळला, तो क्लीनरमध्ये भिजवला आणि एकेक कॉन्टॅक्ट पुसला. दीड तास गेला.

नवी कॅप जोडली, नवी अल्कलाइन बॅटरी (280 रुपये) लावली, फझचं मॉड्यूल बसवलं आणि स्विच वर केला. फझ वाजला! जाड, दाणेदार, नोट सोडली की हळूहळू चिरकत विझणारा. मी अर्धा तास एकच तार वाजवत बसले होते. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, तक्रार करायला नव्हे, काय वाजतंय ते बघायला.

फेजरचं मॉड्यूल घातलं की आवाज येतो, पण फिरत नाही. स्विच वर केला की आवाज थोडा नाकातून आल्यासारखा होतो आणि तिथेच अडकून राहतो.

16 जून, रविवार

आजचा दिवस वाया गेला, आणि चूक माझीच.

फेजर म्हणजे थोडक्यात असं: मूळ आवाज आणि त्याचीच थोडी सरकवलेली प्रत एकत्र केली की काही स्वर एकमेकांना खोडतात. एक मंद दोलक त्या खोडण्याची जागा सतत वरखाली हलवतो आणि आपल्याला आवाज भोवऱ्यासारखा फिरतोय असं वाटतं. आवाज एकाच जागी अडकलाय म्हणजे दोलक बंद, आणि इतक्या जुन्या वस्तूत बंद दोलक म्हणजे बहुधा वाळलेला कॅपॅसिटर. मॉड्यूल उघडलं तर तसंच निघालं. दोलकाच्या भागातला एक इलेक्ट्रोलिटिक बुडाशी गळलेला. त्यावरची छपाई गळतीने खाल्ली होती, फक्त '1' नीट वाचता येत होता. मी 1 मायक्रोफॅरड (कॅपॅसिटरच्या क्षमतेचं माप) धरला.

नवी आयर्न तापायला वेळ लावत होती म्हणून बाबांची 60 वॅटची घेतली. जुना कॅपॅसिटर निघाला, पण त्याच्याबरोबर बोर्डावरचं तांब्याचं वर्तुळही निघून आलं. घाबरून घाईत नवा बसवला, तो उलटा. धन टोक ऋण जागी. स्विच लावल्यावर एक मिनिटात कॅपॅसिटर गरम झाला.

बॅटरी काढली, चहा केला आणि आज पुन्हा हात लावला नाही.

17 जून

ऑफिसमधल्या एका मित्राला फोटो दाखवले. तो चांगला वाजवतो आणि स्वतःच्या गिटार स्वतःच सेट करतो. त्याचं म्हणणं: "सगळं सर्किट काढून टाक. पिकअप सरळ जॅकला जोड. अडीच हजारात फेजरचं पेडल, पायाने चालवायची इफेक्टची पेटी, मिळतं, तेही जास्त चांगलं."

त्याचं गणित बरोबर आहे. पण मामाने ही गिटार का घेतली, ते मी मामाला विचारलं होतं. बोटीवर पेडल चालत नाही. समुद्र खवळला की केबिनमधली प्रत्येक सुटी वस्तू घरंगळते, पेडलसुद्धा. आणि केबिन एवढी की बंकवर बसूनच वाजवायचं, पाय खाली टेकायला जागा नाही. इफेक्टचा स्विच हाताखाली असलेली गिटार त्याला दुकानात दिसली आणि त्याने महिन्याचा ओव्हरटाइम तिच्यावर घातला. बारा वर्षं ती त्याच्याबरोबर फिरली. पोटातून हे काढलं तर माझ्या हातात नुसतं एक जड लाकूड उरेल. सर्किट राहणार.

22 जून, शनिवार

यावेळी 25 वॅटची आयर्न, आणि घाई नाही. निघालेल्या वर्तुळाच्या जागी कॅपॅसिटरची तार पुढच्या जोडापर्यंत वाकवून नेली आणि मधला ट्रॅक पातळ वायरने जोडला. मल्टिमीटरने सलगता तपासली. धन-ऋण दोनदा तपासलं, मग बहिणीला बोलावून तिच्याकडूनही तपासून घेतलं.

बॅटरी लावली. फेजर फिरला. पण फार भरभर. नॉब सगळ्यात हळू टोकाला नेला तरी पंख्यासारखा. मला वाटलं, हा असाच असेल.

इफेक्टचा स्विच वर केला की स्पीकरमधून 'टक्' येत होतं. मॉड्यूलच्या टोकाचा कॅपॅसिटर थोडी डीसी झिरपू देत असेल तर असं होतं. तोही बदलला, टक् गेलं. एकाच मॉड्यूलमध्ये एक इलेक्ट्रोलिटिक गेला असेल तर त्याचे भाऊबंदही त्याच वयाचे असतात. म्हणून फझमधलेही बदलून टाकले, आणि त्यांच्यावरची किंमत स्वच्छ वाचता येत होती.

23 जून ते 7 जुलै

उरली घरघर. ॲम्प चालू केला की घुंऽऽ. तारांना हात लावला की कमी होते, सोडला की वाढते. माझ्या समजुतीप्रमाणे हा शिल्डिंगचा, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा, दोष होता. आत एवढी वायर, दोन मॉड्यूल, सगळं उघडं, तर गुणगुणणारच.

तांब्याची चिकट फॉइल मागवली, 480 रुपये. दोन रविवार कप्प्यांना आतून फॉइल लावण्यात गेले. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, स्वस्त फॉइलचा डिंक वीज वाहून नेत नाही, तेव्हा एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्या प्रत्येक जोडावर सोल्डर कराव्या लागतात. दुसरी, जॅकच्या कप्प्यात फॉइल कडेपर्यंत नेऊ नका. मी नेली. सगळं बंद करून स्क्रू आवळले तेव्हा गिटार पूर्ण मुकी. जॅकचं गरम टोक (आवाजाचा सिग्नल नेणारं) फॉइलला टेकत होतं. हे सापडायला तीन तास लागले, कारण प्लेट उघडी असली की आवाज यायचा आणि बसवली की जायचा. शेवटी तिथे इन्सुलेशन टेप लावली.

7 तारखेला संध्याकाळी गिटार मामाला दाखवायला वाशीला नेली. त्याच्या छोट्या ॲम्पला लावली. एकदम शांत! घरघर नावालाही नाही. फॉइलने काम केलं, असं मी मामाला अभिमानाने सांगितलं. त्याने फझ लावून दोन-तीन स्वर छेडले. बोटं थरथरतात, पण उजव्या हाताची करंगळी न बघता बरोबर स्विचवर गेली. पंचवीस वर्षांनी. फेजर लावायच्या आत मामीने जेवायला हाक मारली आणि ते राहिलं.

8 जुलै, सोमवार

रात्रभर कोसळलेल्या पावसाने मध्य रेल्वे बंद पडली, त्यामुळे घरीच. गिटार लावली. घुंऽऽ. जशी होती तशी.

13 जुलै, शनिवार

मामाला फोन केला. मी फॉइलबद्दल सांगत होते, तो मधेच म्हणाला, "तुझ्या घरच्या प्लगला अर्थ, म्हणजे अर्थिंग, आहे का?"

"तीन पिनी प्लग आहे की."

"पिन असणं वेगळं आणि अर्थ असणं वेगळं. उद्या येतो."

14 जुलै, रविवार

मामा येताना होल्डरमध्ये बसवलेला दिवा आणि त्याला दोन वायरी, एवढंच घेऊन आला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लावला, पेटला. मग फेज आणि अर्थच्या भोकात लावला. नाही पेटला. आमच्या इमारतीचं वायरिंग जुनं आहे. भिंतीत तिसरं भोक आहे, त्यामागे वायरच नाही.

मामा सांगत होता, बोटीवर याचं फार जपावं लागतं. स्विचबोर्डावर तीन दिवे असतात, एकेका फेजचा एकेक. सगळं ठीक असलं की तिघे सारखे पेटतात. कुठे एखादी वायर बोटीच्या पत्र्याला टेकली की त्या फेजचा दिवा मंदावतो आणि बाकीचे दोघे जास्त उजळतात. ड्युटीवर आल्या आल्या पहिली नजर त्या तीन दिव्यांकडे जायची.

हे निव्वळ घरघरीपुरतं नाही, हे इथे नीट लिहून ठेवते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थ नसेल आणि आत काही बिघडलं तर तो करंट सरळ तारांवर, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातात. मी सहा आठवडे तशी वाजवत होते. दिव्याची ही चाचणी स्वतः करू नका. त्यात जिवंत फेज हाताळावा लागतो, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

20 जुलै

इलेक्ट्रिशियनने मीटरच्या खोलीतून माझ्या खोलीपर्यंत अर्थची वायर ओढली, 1,900 रुपये. सगळ्यात मोठा खर्च, आणि गिटारवर नव्हे. ॲम्प लावला, शांत. फॉइल काढून बघितलं असतं तर कदाचित फरकही पडला नसता, पण आता राहू दे.

हे आधी केलं असतं तर दोन रविवार आणि 480 रुपये वाचले असते. घरघर ऐकू आली की पहिल्यांदा गिटार दुसऱ्या घरी नेऊन, दुसऱ्या ॲम्पवर लावून बघा. मी ते केलं होतं, पण त्याच वेळी फॉइलही लावली होती आणि श्रेय चुकीच्या गोष्टीला दिलं.

28 जुलै, रविवार

मान. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने ती पुढे वाकली आहे, मधल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार नको इतकी उंच. हायग्रोमीटर घरात 84 टक्के दाखवतोय. नव्या तारा (600 रुपये) चढवल्या, ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक सांभाळणारी सळई) पाव फेरा आवळला आणि एक दिवस तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. एका दिवसात अर्ध्या फेऱ्याच्या वर जाऊ नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत सैल करावा लागेल.

4 ऑगस्ट

आज नुसती वाजवली. पोटात इफेक्ट असला की हात वेगळे चालतात, हे आता कळतंय. पेडलवर पाय ठेवायचा तर मुखड्याआधी विचार करावा लागतो. इथे एका ओळीच्या मधल्या एकाच शब्दाला फझ लावून काढता येतो. खाचांची अदलाबदल केली की आवाजही बदलतो. फझ आधी आणि फेजर नंतर असेल तर फेजर भरघोस फिरतो, कारण फझमुळे वरचे स्वर वाढलेले असतात आणि खोडायला जास्त माल मिळतो. उलट लावलं तर फेजर फझखाली दबून जातो.

त्रासही आहे. जोरात स्ट्रमिंग करताना हाताची कड स्विचला लागते आणि भलत्याच जागी फझ सुरू होतो. मनगट थोडं वर ठेवायची सवय लावतेय.

मल्टिमीटर बॅटरीच्या मधे जोडून मोजलं. दोन्ही मॉड्यूल चालू असताना 9 मिलिॲम्पिअर. अल्कलाइन नऊ व्होल्टची बॅटरी साधारण 500 मिलिॲम्पिअर-तासांची, म्हणजे पन्नासेक तास. रिचार्जेबल लावून बघितली. बऱ्याच जणींचा खरा दाब 8.4 व्होल्ट असतो आणि क्षमता निम्म्याहून कमी. फझ लवकर मरगळतो. अल्कलाइनच बरी.

25 ऑगस्ट, रविवार

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम असतो. त्यात तीन गाण्यांना मी साथ करणार आहे. सराव ऐकायला मामाला बोलावलं. फेजर लावला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हा तो नाही."

"म्हणजे?"

"हा फार पळतोय. माझा एकदम सावकाश यायचा. एक फेरी पूर्ण व्हायला पाच-सहा सेकंद. रात्री लाट बोटीखालून जाते ना, तसा."

मी नॉब हळूच्या टोकाला नेला. मोबाइलवर मोजलं, अर्ध्या सेकंदाला एक फेरी. दहापट. तेव्हा ती खाल्लेली छपाई आठवली. '1' च्या पुढचं शून्य गळतीने गेलं होतं. 1 नाही, 10 मायक्रोफॅरड. दोलकाचा वेळ कॅपॅसिटरच्या प्रमाणात बदलतो. दहावा भाग कॅपॅसिटर घातला, तर वेग दहापट.

लॅमिंग्टन रोडच्या मुठीत दहाचे तीन निघाले. मामासमोरच बसवला. आयर्न माझ्या हातात, टॉर्च त्याच्या.

धन-ऋण त्यानेच सांगितलं. मॉड्यूल खाचेत बसवलं, नॉब हळूच्या टोकाला. मी एक कॉर्ड वाजवून धरून ठेवली. आवाज वर चढला, थांबला आणि खाली उतरू लागला. मामा डोळे मिटून ऐकत होता. कॉर्ड विझली तेव्हा म्हणाला, "परत वाजव."

1 सप्टेंबर, रविवार

एकूण खर्च: क्लीनर 350, आयर्न आणि विक 620, कॅप आणि कॅपॅसिटर 90, फॉइल 480, बॅटरी 280, तारा 600, अर्थिंग 1,900. मिळून 4,320 रुपये. यात लोकलचं भाडं धरलेलं नाही.

राहिलेली कामं: चौथ्या आणि सातव्या फ्रेटची झीज. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) एक खाच खोल गेली आहे, त्यामुळे पहिली तार मोकळी वाजवली की किंचित झणझणते. तिसरं एखादं मॉड्यूल मिळालं तर ऑक्टेव्ह बॉक्स हवाय. मामालाही तोच हवा होता, त्या दिवशी पैसे कमी पडले.

गणपतीआधी नवी बॅटरी लावली. तिच्यावर टेपची पट्टी लावून तारीख लिहिली आहे. वाजवून झाल्यावर केबल काढायची आणि महिनाभर हात लागणार नसेल तर बॅटरीही काढून ठेवायची. झाकणाच्या आतल्या बाजूलाही हेच लिहून चिकटवलंय, कारण पुढच्या आठवड्यात ही गिटार बहिणीच्या हातात जाणार आहे. तिला फझ शिकायचाय.